गोठवलेला आकडा

[नकाशा. एका वस्तीभोवती हळूहळू ओढली जाणारी लाल रेघ.]

ही रेघ नगर परिषदेच्या एका ठरावाने ओढली जाते. रेघेच्या आत जेवढ्या इमारती आणि जेवढे रिकामे भूखंड असतील, त्या सगळ्यांचं करपात्र मूल्य आज आहे तिथेच गोठतं. शाळा, बागा, जिल्हा प्रशासन यांच्या वाट्याला इथून पुढे फक्त या गोठवलेल्या आकड्यावरचा मालमत्ता कर येतो. मूल्य वाढलं, तर वाढीवरचा कर वेगळ्या खात्यात जमा होतो आणि मुख्यतः याच रेघेच्या आत खर्च होतो.

अमेरिकेत याला टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग म्हणतात. बोलताना नुसतंच टिफ. सुरुवात १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. पडक्या वस्त्यांच्या पुनर्विकासासाठी केंद्र सरकार पैसे देत होतं, पण त्यात शहराने आपला वाटा घालायचा होता. तो आणायचा कुठून, यावर निघालेला हा तोडगा. नगरसेवकांना तो आवडला यात नवल नाही. कर वाढवला असा ठपका कुणावरच येत नाही आणि तिजोरी मात्र भरते!

[सभागृह. माइकसमोर उभे असलेले नागरिक.]

सुनावणीत वाद इमारतींच्या उंचीवर होतो, वाहतुकीवर होतो, झाडांवर होतो. खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो: हा पैसा दिला नसता, तर इथे काहीच उभं राहिलं नसतं का? इलिनॉय राज्याच्या १९७७ च्या कायद्याचा सगळा भार या एका प्रश्नावर आहे. खासगी गुंतवणुकीतून या भागाचा विकास झालेला नाही आणि मदतीशिवाय तो होईल अशी अपेक्षाही नाही, असं शहराने आधी ठरवावं लागतं. ठरवायचं ते जे घडलेलंच नाही त्याविषयी. सल्लागार जाडजूड अहवाल देतात, पण जे घडलं नाही त्याचा पुरावा अहवाल तरी कुठून आणणार?

आता पैशाचा हिशेब बघू. एका भागाचं करपात्र मूल्य १०० होतं, ते १६० झालं. वरच्या ६० वरचा कर टिफच्या खात्यात गेला. पण त्या ६० मधले काही केवळ महागाईमुळे वाढले असतील, काही शेजारची वस्ती सुधारली म्हणून. खात्याला हा फरक कळत नाही, ते सगळंच पोटात घेतं.

मग शाळांचे पैसे बुडतात का? विरोधक तसं म्हणतात, आणि ते अर्धंच बरोबर आहे. इलिनॉयमधल्या शिकागोत शाळा मंडळ आपल्याला एकूण किती कर हवा ती रक्कम आधी ठरवतं, दर नंतर निघतो. दर काढताना टिफमधली वाढ मोजलीच जात नाही, म्हणून दर चढतो. आपलं घर रेघेच्या आत असो की बाहेर, बिल सगळ्यांचंच वाढतं. म्हणजे जो कर कुणी लावलाच नाही, तो सगळे भरतात. मालमत्ता कराचं बिल हातात घेऊन सभागृहात येणाऱ्या माणसाचा राग बिल्डरवर असतो. खरं तर तो या गणितावर असायला हवा.

[शिकागो नदी. रिकामी जमीन, कुंपण.]

शिकागोतला पहिला टिफ १९८४ मध्ये आला, तोही थेट शहराच्या मध्यभागी. पुढे असे शंभरहून जास्त झाले. सगळ्यात गाजला तो नदीकाठचा लिंकन यार्ड्स. जुन्या पोलाद कारखान्याची जागा, आणि आजूबाजूला शहरातल्या श्रीमंत वस्त्या. १० एप्रिल २०१९ रोजी, महापौर राम इमॅन्युएल यांची मुदत संपत आलेली असताना, परिषदेने या प्रकल्पासाठी व्याजासह १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या निधीला मान्यता दिली. इतक्या मोक्याच्या जागेला ‘मागास’ कसं म्हणायचं, हा विरोधकांचा सवाल होता, आणि मला तो रास्त वाटतो. समर्थकांकडेही उत्तर होतं: पूल, रस्ते, नदीचा काठ, रेल्वे स्थानक यांवर कुठला बिल्डर स्वतःच्या खिशातून खर्च करेल?

करारात एक अट शहाणपणाची होती. बिल्डरने आधी खर्च करायचा आणि कर वाढला की परतावा घ्यायचा. प्रकल्प रखडला आणि २०२५ मध्ये जागेचा मोठा भाग कर्ज देणाऱ्या बँकेकडे गेला, तेव्हा शहर थोडक्यात वाचलं ते या अटीमुळे.

[कॅलिफोर्निया. राज्य विधिमंडळाची इमारत.]

जिथे हे सुरू झालं, तिथेच ते मोडलं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात टिफचा पैसा वापरणाऱ्या सुमारे ४०० पुनर्विकास संस्था होत्या आणि मालमत्ता कराचा जवळपास १२ टक्के हिस्सा त्यांच्याकडे वळत होता. शाळांचा खड्डा राज्याला भरावा लागे. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी या संस्था बंद करायला घेतल्या. ओकलंडचे महापौर असताना याच पैशावर त्यांनी शहराचा मध्यभाग उभा करायला घेतला होता. खुर्ची बदलली की हिशेबही बदलतो. शहरं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. १ फेब्रुवारी २०१२ रोजी संस्था बरखास्त झाल्या. पण वाढीव कराचा पाचवा हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवण्याचं बंधन या संस्थांवर होतं. त्या गेल्या, तसा घरांचा हा पैसाही गेला.

[शिकागो नगर परिषद. मतदान.]

एप्रिल २०२४ मध्ये शिकागोने वेगळी वाट धरली. महापौर ब्रँडन जॉन्सन यांचा प्रस्ताव असा: मुदत संपणारे काही टिफ संपू द्यायचे, त्यातला कर सगळ्यांच्या तिजोरीत परत आणायचा आणि त्या जोरावर घरं व व्यवसायांसाठी १.२५ अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढायचे. हा पैसा एका रेघेत अडकून राहत नाही, गरज असेल त्या वस्तीत नेता येतो. ठराव ३२ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या नगरसेवकांना दोन गोष्टी खुपत होत्या. एक कर्जाचा बोजा. दुसरी जास्त जवळची: टिफ असताना आपल्या प्रभागात पैसा कुठे जाणार यावर नगरसेवकाचा हात असायचा, आता तो महापौरांच्या कार्यालयाकडे सरकत होता.