तुटलं तर कुठं जाईल?

(दृश्य: नागपूरच्या हिंगणा रोडच्या बाजूचं एक फॅब्रिकेशनचं शेड. समोर अर्धवट रंगवलेली गेटं, कुलरचे स्टँड. मागे लोखंडी चौकट, तिच्यावर एकच तार.)

समोरच्या बाजूला ग्रिलचा धंदा, मागच्या बाजूला वाद्यं बांधायचा हा उद्योग. चौकट अँगलची, दोन मीटर लांब. तार पोलादी, १ मिलिमीटर जाडीची. खाली सायकलचं पेडल, चेन, आणि चेनवर फिरणारं लाकडी चाक. चाकाच्या काठाला राळ लावलेली. पेडल मारलं की चाक तारेला घासत राहतं आणि सारंगीच्या गजासारखा, पण कुठंही न तुटणारा सूर निघतो. युरोपातलं हर्डी-गर्डी हे जुनं वाद्य याच चाकावर चालतं, फक्त तिथं चाक हातानं फिरवतात. त्यांचे वादक तार चाकाला टेकते त्या जागी कापसाचे तंतू गुंडाळतात, म्हणजे आवाज खरखरत नाही. विदर्भात ही एक वस्तू तरी शोधत फिरावं लागलं नाही.

शेडचे मालक, ज्यांना इथं सगळे भाऊच म्हणतात, नवं काही बांधायला घेतलं की आधी एकच प्रश्न विचारतात. आवाज कसा येईल, हा नाही. “तुटलं तं जाईन कुठं?”

(दृश्य: टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, फिरवणारा हात. वर लटकवलेल्या डिजिटल काट्यावर आकडा चढतोय.)

ही तार सेकंदाला ५५ कंपनं करते, म्हणजे खर्जातली पांढरी सहा, पेटीची सहावी पांढरी पट्टी. त्यासाठी तिच्यावर साधारण ३० किलोचा ताण लागतो. आता हाच सूर एक सप्तक वर हवा असेल, तर ताण दुप्पट करून भागत नाही. चौपट करावा लागतो. म्हणजे १२० किलोच्या वर. या जाडीची चांगली पियानो वायर पावणेदोनशे किलोच्या आसपास तुटते. पण ती कोरी, सरळ तार. हुकाला वळवलेली, पक्कडीनं चावलेली तार त्याच्या कितीतरी आधी जाते, आणि नेमकी त्या वळणावरच जाते.

पुढचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. ताण चौपट झाला की तारेत साठलेली शक्ती सोळापट होते. खर्जात तुटली तर टण् करून पडेल. एक सप्तक वर तुटली, तर किलोभर वजन कमरेइतक्या उंचीवरून सोडावं तेवढी शक्ती एका बारीक टोकात येते. ते टोक कुठं वळेल, सांगता येत नाही.

म्हणून तारेत सैलसर नायलॉनची दोरी ओवलेली आहे. तार तुटली तरी टोकं दोरीत अडकतात. वाजवत नसताना वर जुनी गोधडी टाकलेली असते. समोर जाळी. तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, अगदी कॅमेरावालाही नाही. म्हणून या तारेचे सगळे शॉट तुम्हाला बाजूनंच दिसतील.

पेटी वाजवणाऱ्या एक ताई इथं येतात, सूर लावून द्यायला. पहिल्याच दिवशी त्या कान तारेजवळ न्यायला लागल्या.

“ताई, कान तिकडं नका नेऊ.”

“काऊन? ऐकू कसं येईल मग?”

“ऐकू येईन ना. तार बोलूनच राहिली. तुम्ही फक्त बाजूनं ऐका.”

आता ताई गॉगल लावून सूर लावतात.

असली वाद्यं बांधणारी माणसं वेडी असतात, असं आपण पटकन म्हणून जातो. पण सभागृहात उभा असणारा मोठा पियानो घ्या. त्याच्या सगळ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास जातो. लाकडी चौकटीला तो पेलवेना, म्हणून १८२५ मध्ये बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनं एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. पियानो धोकादायक वाटत नाही याचं कारण एवढंच, की तुटलं तर कुठं जाईल हा प्रश्न कुणीतरी आपल्या आधी सोडवून ठेवला.

(दृश्य: शेडबाहेर उभा केलेला लोखंडी पाइप. खाली बर्नर.)

आता आग. आग दिसली की व्हिडिओ चालतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण या पाइपात बघण्यापेक्षा ऐकण्यासारखं जास्त आहे.

पाइप १ मीटरचा, दोन्ही टोकं उघडी, उभा धरलेला. खालून पाव उंचीवर आत एक जाळी बसवली आहे, तारेचीच, फुलके भाजायच्या जाळीसारखी. बर्नरनं ती लाल होईपर्यंत तापवायची आणि बर्नर काढून घ्यायचा. ज्योत असेपर्यंत काही नाही. ज्योत गेली की पाइप एकदम भोंग्यासारखा बोलायला लागतो. सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी चारच्या आसपास. जाळी निवली की गप्प. आणि वाजता वाजता पाइप आडवा केला, तर त्याच क्षणी गप्प.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या पीटर रायके यांनी १८५९ मध्ये याचं वर्णन केलं. कारण नीट मांडलं लॉर्ड रॅले यांनी, १८७८ मध्ये. गरम हवा वर चढते, म्हणून जाळीतून सतत वारा वाहतो. त्यात आवाजाची लाट पुढेमागे हलत असते. हवा दाबली जाते नेमक्या त्याच वेळी जाळीकडून उष्णता मिळाली, तर लाट फोफावते. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का द्यावा तसं. पाइप आडवा केला की वाराच थांबतो, मग धक्का देणार कोण?

त्याच शतकात, १८७० च्या दशकात, फ्रेडरिक कास्टनर यांनी काचेच्या नळ्यांत ज्योती गात ठेवणारं अख्खं वाद्य बांधलं. पायरोफोन. प्रत्येक नळीत दोन ज्योती; एकत्र आणल्या की नळी गप्प, वेगळ्या केल्या की सूर. वाजवायला पट्ट्या, पेटीसारख्या. जळायला आधी हायड्रोजन. हे वाद्य घरोघरी का गेलं नाही, हे सांगायला नको.

आणि हाच प्रकार रॉकेटच्या पोटात झाला, तर इंजिन फुटतं. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न ५ च्या एफ-१ इंजिनाला ज्वलनातली ही डोलणी मारून टाकत होती. शेवटी अभियंते चालू इंजिनात छोटे स्फोट घडवून बघायचे, की डोलणी आपोआप शमते की नाही. तिथं सूर बंद करायची खटपट, आणि इथं हिंगणा रोडला तोच सूर निघावा म्हणून खटपट.

(दृश्य: जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचा तुकडा आणि बिनमुलाम्याचा काळा पाइप शेजारी शेजारी.)

हे नीट बघा. डावीकडचा चकचकीत पाइप जीआयचा. प्लंबर वापरतात तो. त्याला ज्योत लावायची नाही. वरचं जस्त जळतं, पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगवाल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल. इथं काळा पाइप वापरतात. आणि गॅसचं काम शेडच्या बाहेर, उघड्यावर. अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहता येत नाही.

तिसरं वाद्य चटकन दाखवतो. पत्र्याची तबकडी, काठाला १२ भोकं, कुलरच्या मोटरवर बसवलेली. भोकांवर हवेचा झोत सोडला की भोंगा. मोटर मिनिटाला १४०० च्या आसपास फिरते, म्हणजे सेकंदाला २८० फुंकर: जवळपास काळी एक. व्होल्टेज पडलं की सूर मींड घेत खाली येतो, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी व्होल्टेज पडतंच. तबकडीभोवती जाड पत्र्याचं कडं आहे. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पण नागपुरात असली वाद्यं एकत्र वाजवायची म्हणजे खरा शत्रू वेगळाच आहे. ऊन.

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. ओढलेली शटर, ओल्या बोऱ्या.)

ताईंनी डिसेंबरात, सकाळच्या १० अंशांत, पीव्हीसीच्या पाइपांचा एक संच लावला होता. चपलेनं वाजवायचा. पोरांचा सगळ्यात लाडका, आणि अख्ख्या शेडमधला एकमेव निर्धोक. मे महिन्यात ४५ अंशांत तो वाजवला तर पांढरी एकचा पाइप चक्क काळी एक बोलतो. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, आणि १० वरून ४५ वर गेलं की तो बरोबर एका पट्टीइतका वाढतो. पुण्यात कुणाला ही अडचण येईल असं वाटत नाही.

तारेचं उलटं. तार तापली की लांबते, सैल पडते, सूर उतरतो. तारेवर ऊन पडलं की ती मिनिटभरात तापते, जाड अँगल मात्र बराच वेळ थंड राहतो. या २० अंशांच्या फरकात ३० किलोपैकी जवळजवळ ४ किलो ताण जातो आणि पांढरी सहा घसरून काळी चारच्याही खाली येते. मग पेडलवरचा पोरगा म्हणतो, चढवू का थोडं? इथं भाऊ आवाज चढवतात. कारण उन्हात चढवलेली तार संध्याकाळी गार होते, आणि सोडून दिलेला ताण गुपचूप परत येतो, चढवलेल्याच्या वर. खर्जात ठीक आहे. वरच्या सप्तकात, हुकाशी वळलेल्या तारेला, ते ४ किलो महागात पडू शकतात.

त्यामुळे मे महिन्यातला नियम असा: सूर सूर्य मावळल्यावर लावायचा, आणि वाजवून झालं की ताण उतरवून ठेवायचा. सतारवाले तारा उतरवतात ते सतारीसाठी. इथं माणसांसाठी.

(दृश्य: जमिनीवर खडूनं काढलेला नवा आराखडा. भाऊ त्यावरून पावलं टाकत अंतर मोजतायत.)

पुढची चौकट चार तारांची आहे, चारही वरच्या सप्तकात. प्रत्येकी सव्वाशे किलो धरले तरी अर्धा टन. अँगलवर ते भागणार नाही. बांधणीला सी चॅनल, म्हणजे सी आकाराचं जाड लोखंड, घ्यायचं ठरलंय, जुनं मिळालं तर जुनं. ताईंना चारही तारा गणपतीच्या आधी हव्यात. भाऊ म्हणतात, आधी जाळी बनेन, मग चौकट, मग पाहू.