थंडीसाठी केळीवर कलम: माझा प्रयोग आणि तो का फसला

नमस्कार. हातात काय आहे बघा. केळीचा बुंधा आडवा कापलाय. कांद्यासारखे एकात एक पदर दिसतायत ना? ही सगळी पानांची सोपटं. याला आपण खोड म्हणतो, पण खरं खोड जमिनीखाली असतं: कंद. आजची सगळी गोष्ट त्या कंदाची आहे.

मुसा बासजू नावाची एक केळ आहे, मूळची दक्षिण चीनमधली. कडाक्याच्या थंडीत तिची पानं काळी पडतात, पण कंद जाड आच्छादनाखाली असेल तर पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत गेला तरी ती पुन्हा फुटते. फळ मात्र बियांनी भरलेलं, खायच्या कामाचं नाही. म्हणून वाटलं, हिचा कंद खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, म्हणून वापरावा आणि त्यावर गोड केळीचा कोंब बांधावा. आंब्याला करतोच की आपण!

दोन्ही कंद कापले, ताज्या कापांवर काप ठेवून घट्ट बांधले. काही दिवसांनी सोडून पाहिलं तर दोन्ही जखमा तपकिरी झालेल्या, आपापल्या सुकलेल्या. सांधा नाहीच. नंतर कोंब आला, पण तो खुंटाचा स्वतःचा.

असं का होतं? आंब्यात साल आणि लाकूड यांच्यामध्ये सतत वाढणारा एक पातळ थर असतो, कॅम्बियम. दोन्हीकडचे थर भिडले की कलम धरतं. केळ एकदल. तिच्यात हा थरच नाही. अन्नपाण्याच्या नळ्यांचे पुंजके कंदभर विखुरलेले असतात.

पण दार पूर्ण बंद नाही, आणि हे वाचून मला फार आनंद झाला होता. डिसेंबर २०२१मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की बीच्या आतला कोवळा गर्भ वापरला तर एकदल वनस्पतींचंही कलम होतं. गहू ओटवर जुळला, आणि त्यांच्या यादीत केळही आहे. अडचण एकच: आपल्या खाण्याच्या केळीत बीच नसते!

आणि समजा, जुळलंच. तरी मुळाचा काटकपणा पानांत चढत नाही. गोड केळीची वाढ तेरा-चौदा अंशांखालीच थांबू लागते, आणि दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं की पानं जातात. शिवाय घड दिल्यावर तो बुंधा मरतो. पुढचे मुनवे, म्हणजे बाजूचे नवे कोंब, येणार कंदावरून, म्हणजे खुंटातून फुटले तर बासजूचेच. एवढी मेहनत एका घडापुरती!

म्हणून मी आता बुंधाच वाचवतो. नुसता कंद जगला तर नव्या कोंबाला सगळी पानं पुन्हा काढावी लागतात, आणि केळफूल येण्याआधीच पुढची थंडी येते. थंडीआधी पानं छाटायची, बुंध्याभोवती जाळीचं कडं करून सुका पाला ठासायचा, वरून पाऊस आत जाणार नाही असं झाकायचं. ओल राहिली तर पोंगा, म्हणजे मधला वाढता शेंडा, कुजतो, तेवढं जपा.