समुद्राचे प्रोफेसर दिवसभर करतात तरी काय?

नमस्कार मंडळी! कुठे जहाज लुटलं की टीव्हीवर एक प्रोफेसर येतात, खाली पट्टी 'सागरी सुरक्षा तज्ज्ञ', आणि आपण धरूनच चालतो की हे रिटायर्ड नेव्हीवाले. बरेच असतातही. पण ज्युलियन कॉर्बेट बघा, त्याची सागरी रणनीती आजही शिकवतात, तो माणूस शिकला वकिली, मग कादंबऱ्या लिहिल्या, नौदलात एक दिवस नोकरी नाही, आणि शिकवायचा कुणाला तर ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांना!

वकिली मुद्दाम सांगितली हां. सिंगापूरची सामुद्रधुनी घ्या, नकाशा दाखवतो. मध्यरात्री चार जण छोट्या होडीतून येतात, जहाजाला मागून आकडा टाकून चढतात, इंजिनाचे स्पेअर पार्ट उचलतात, पसार. आपण म्हणणार चाचे. पण 1982 च्या समुद्री कायद्याच्या करारात चाचेगिरी म्हणजे कुठल्याही देशाच्या हद्दीबाहेरची, 12 सागरी मैलांच्या पलीकडची. आणि इथे पाणीच इतकं चिंचोळं की एकाची हद्द संपते तिथे दुसऱ्याची लागते. म्हणजे कागदोपत्री तिथे चाचा असूच शकत नाही, तो सशस्त्र दरोडेखोर, आणि तो पलीकडच्या देशाच्या हद्दीत शिरला की पाठलाग बंद.

आता हे कीस पाडणं वाटेल, पण यात पैसा आहे. जून 2005 मध्ये लंडनच्या विमा बाजारातल्या एका कमिटीने सिंगापूरच्या सामुद्रधुनीला लागूनची मलाक्काची सामुद्रधुनी थेट युद्धधोक्याच्या यादीत टाकली, म्हणजे तिथून जाणाऱ्या जहाजांचा विमा महाग. किनाऱ्यावरचे देश जाम भडकले, विमानांतून गस्त सुरू केली, आणि ऑगस्ट 2006 मध्ये नाव निघालं. अशा वेळी अभ्यासकाचं काम काय, तर एकेक घटना सोलून बघायची. दोरखंड चोरीला गेला तरी एक, अख्खं जहाज पळवलं तरी एकच, असं मोजून आकडा वाढलाय का?

आणखी एक गंमत, आशियातल्या देशांनी चाचेगिरी आणि जहाजांवरचे दरोडे रोखायला करार केला, त्याचं माहिती केंद्र 2006 मध्ये सिंगापूरला उघडलं, पण ज्यांच्या पाण्यात हे घडतं ते इंडोनेशिया आणि मलेशिया त्यात शिरलेच नाहीत. आपल्या हद्दीत दुसऱ्याची लुडबुड नको, हे मोठं कारण. ते नीट कळायला तिथली भाषा लागते, बंदरावर तासन्तास बसावं लागतं, करिअरची निम्मी वर्षं त्यातच जातात बघा.

पुढच्या व्हिडिओत दक्षिण चीन समुद्र, फिलिपिन्स विरुद्ध चीन खटल्यातला 2016 चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल. तिथे 'खडक' की 'बेट' एवढ्या एका शब्दावर आजूबाजूच्या 200 मैल समुद्रातल्या मासे-तेलावरचा हक्क अडकला होता.