वर्दी गप्प, गाव बोलतंय

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय तो 'पोलंडचं लष्कर, पूर्व सीमा आणि वार्ताहर'. वेळ भरपूर दिली होती, पण त्यातली बरीचशी सत्कारात आणि माझ्या परिचयात गेली. परिचयात माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं त्यातलं निम्मं मलाही नवीन होतं. असो. शेवटी वेळ पुरणार नाही हे मला स्वभावावरून ठाऊक आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सीमेवरची बातमी लष्करानं दाबली तर ती दबत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हातात जाते. आणि तो दुसरा कोण असेल हे आपल्याला निवडता येत नाही.

आता, कोल्हापुरात पोलंडवर बोलायचं आणि वळिवड्याचं नाव घ्यायचं नाही, असं केलं तर तुम्ही मला रंकाळ्यात बुडवाल. तेव्हा घेतो. आज जिथं गांधीनगर आहे, तिथं 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. ही माणसं आली कुठून, हे भाषणांत सहसा सुटतं. ती पूर्व पोलंडमधली. 1940-41 मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरांतून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्या पंचगंगेकाठी पोचली. हे सांगतोय ते तुमच्या टाळ्यांसाठी नाही. ज्या देशात अनेक घरांत अशी एखादी आजी होऊन गेली, त्या देशातला पत्रकार रशियाची बातमी लिहायला बसतो तेव्हा तो तटस्थ नसतो, आणि तसा आवही आणत नाही. मला ते प्रामाणिक वाटतं. पण त्यात एक धोकाही आहे. आकाशातून काही पडलं की ते कुणी टाकलं, याचं उत्तर मनात आधीच तयार असतं.

15 नोव्हेंबर 2022. प्शेवोदुफ नावाचं खेडं, युक्रेनच्या सीमेला लागून. रशियानं त्या दिवशी युक्रेनवर क्षेपणास्त्रांचा पाऊस पाडला होता. दुपारी पावणेचारच्या सुमारास या खेड्यात, धान्य वाळवण्याच्या केंद्रापाशी स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. पहिले फोटो गावातूनच बाहेर आले: जमिनीत पडलेला खड्डा, शेजारी उलटलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. वॉर्सात राष्ट्रीय सुरक्षेची तातडीची बैठक बसली. सरकारच्या प्रवक्त्यानं सांगितलं, खातरजमा न झालेली माहिती छापू नका. बरोबर आहे. पण खातरजमा झालेली माहिती द्यायची कुणी? ती मात्र आली नाही. तास गेले.

त्या मोकळ्या जागेत असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेचा फ्लॅश, म्हणजे तातडीची बातमी आली: रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये पडली, दोन ठार. आधार काय, तर अमेरिकेचा एक वरिष्ठ गुप्तचर अधिकारी, नाव नाही. एक! पुढे त्यांच्या डेस्कवरची आपसांतली चर्चा बाहेर आली. ती जेमतेम दहा मिनिटांची. आणखी सूत्र हवं का, असं विचारलं गेलं होतं. त्यावर एका संपादकाचं मत पडलं की गुप्तचर अधिकारी अशा बाबतीत चुकेल असं वाटत नाही. डेस्कवर काम केलेले इथं कुणी असतील तर त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. नाटोच्या सदस्य देशावर रशियाचा हल्ला, म्हणजे पुढं काय होऊ शकतं हे मी सांगायला नको. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र. आपल्या एका वाहिनीवर लगेच पट्टी सुरू झाली, 'तिसरं महायुद्ध?' वाहिनीचं नाव घेत नाही. प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपली, असा आपल्याकडे एक शोध लागलेला आहे.

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं. बाली बेटावर जी-20 परिषदेत असलेले बायडन म्हणाले की मार्ग पाहता ते रशियातून डागलेलं असण्याची शक्यता कमी. पोलंडचे अध्यक्ष दुदा आणि नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस स्टोल्टनबर्ग यांनी सांगितलं, बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र भरकटलं. क्षेपणास्त्र एस-300, सोव्हिएत काळातलं, दोन्ही बाजूंच्या भात्यात असलेलं. एपीनं बातमी मागे घेतली, आठवड्याभरात वार्ताहराची नोकरी गेली. फ्लॅशला मान्यता देणारे मात्र जागेवर राहिले. हे जगात सगळीकडे असंच असतं, त्यात पोलंडचा काही दोष नाही.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ही नव्हे. ती पुढच्याच महिन्यातली आहे आणि ती मी जरा रंगवून सांगणार आहे.

16 डिसेंबर 2022. रशियाचा युक्रेनवर आणखी एक मोठा हल्ला. त्यातलं एक क्षेपणास्त्र पोलंडच्या हद्दीत शिरलं. रडारवर दिसलं, मग दिसेनासं झालं. शोध घेतला, सापडलं नाही, शोध थांबवला. जनतेला? एक अक्षर नाही. प्शेवोदुफला महिना उलटला होता, सगळ्यांची तोंडं पोळलेली होती, तेव्हा गप्प बसणं सोयीचं.

डिसेंबर गेला, थंडी गेली, बर्फ वितळलं. एप्रिल 2023 मध्ये बिदगोश्च शहराजवळच्या जंगलात एक बाई घोड्यावरून रपेट करत होती. तिला झाडांत काहीतरी पडलेलं दिसलं. ते होतं केएच-55 क्रूझ क्षेपणास्त्राचे अवशेष. मुळात हे क्षेपणास्त्र अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बनवलेलं. इथं ते नव्हतं, सुदैवानं. आता बिदगोश्च कुठं आहे बघा. सीमेवर नाही! पार देशाच्या आत, वॉर्सा ओलांडून वायव्येला. आणि त्या शहरात काय आहे? नाटोचं संयुक्त सैन्य प्रशिक्षण केंद्र. म्हणजे नाटोचे अधिकारी जिथं युद्धाचे धडे गिरवतात, त्याच्या अंगणात रशियन क्षेपणास्त्र चार महिने पडून होतं आणि ते शोधलं एका घोड्यानं. बाईला श्रेय द्यायचं तर द्या, पण मला घोडा जास्त आवडतो.

ही बातमी जाहीर कुणी केली? संरक्षणमंत्र्यानं नाही. कायदामंत्री झ्योब्रो यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की जंगलात सापडलेल्या एका हवाई लष्करी वस्तूची चौकशी सरकारी वकील करताहेत. मग पत्रकारांनी धागा पकडला, आरएमएफ या रेडिओचे बातमीदार मागे लागले, आणि एकेक तपशील निघायला लागला. तेव्हाचे पंतप्रधान मोराव्येत्स्की म्हणाले, मला एप्रिलअखेरीस कळलं. संरक्षणमंत्री ब्वाशचाक यांनी पत्रकार परिषद घेऊन सगळं खापर ऑपरेशनल कमांडर जनरल पिओत्रोव्स्की यांच्यावर फोडलं. सरसेनापती जनरल अंजेयचाक म्हणाले, मी वरिष्ठांना वेळीच सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये, निवडणूक पाच दिवसांवर असताना, दोघाही जनरलांनी राजीनामे दिले. युद्ध शेजारच्या अंगणात, आणि देशाचे पहिल्या फळीतले दोन सेनानी घरी. त्या चार महिन्यांच्या मौनाची ही वसुली.

आणि ऐका, हेच ब्वाशचाक. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी पक्षाच्या प्रचाराच्या व्हिडिओत आधीच्या सरकारची जुनी संरक्षण योजना खुली करून दाखवली, आक्रमण झालं तर लढाई विस्तुला नदीच्या रेषेवर द्यायची होती, वगैरे. कशासाठी, तर विरोधक पूर्व पोलंड सोडून देणार होते हे मतदारांना पटावं म्हणून. त्याबद्दल पुढे त्यांच्यावर आरोप ठेवले गेले. म्हणजे जंगलात पडलेलं क्षेपणास्त्र गोपनीय, आणि युद्धाची योजना प्रचाराला! गोपनीयतेचा बाऊ करणारा माणूस दिसला की मी आधी निवडणुकीची तारीख बघतो.

बियावोव्येझाचं एक सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. तिथं ते रानगव्यांचं प्रसिद्ध जंगल आहे, बेलारूसच्या सीमेवर. 1 ऑगस्ट 2023 ला बेलारूसची दोन हेलिकॉप्टरं गावावरून गेली. लोकांनी फोटो काढले, टाकले. पत्रकारांनी विचारलं. लष्करानं सांगितलं, रडारवर हद्दभंगाची नोंद नाही. इकडे लोकांच्या मोबाइलवर हेलिकॉप्टर इतकं स्पष्ट की खालचा रंगसुद्धा दिसावा! संध्याकाळी संरक्षण मंत्रालयानं मान्य केलं: होय, आली होती, फार खालून उडाली म्हणून रडारला दिसली नाहीत. चूक मान्य केली हे चांगलंच. पण सकाळ ते संध्याकाळ एवढ्या वेळात गावकऱ्यांना खोटं पाडलं गेलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. मूळ विषय आता पळवत नेतो, माफ करा.

पोलंडनं 2024 मध्ये संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून जास्त खर्च केला. 2022 मध्ये दक्षिण कोरियाशी हजार के-2 रणगाड्यांचा व्यापक करार झाला, त्यातले पहिले 180 लगेच मागवले. अमेरिकेकडून 32 एफ-35 विमानं, 96 अपाची हेलिकॉप्टरं. यावर लिहिणारी 'डिफेन्स24'सारखी खास पोर्टलं तिथं आहेत, आणि करारातलं कलम न् कलम तपासणारे लोक आहेत. रणगाड्याच्या बातमीत ते माहीर. त्यांना अडथळा येतो तो सीमेवर, आणि तो कायद्याचा आहे.

2021 च्या सप्टेंबरमध्ये बेलारूसनं निर्वासितांना सीमेवर ढकलायला सुरुवात केल्यावर पोलंडनं आणीबाणी लावली. सीमेलगतच्या 183 गावांत पत्रकारांना प्रवेश बंद. नोव्हेंबरात त्या क्षेत्राच्या बाहेर उभ्या असलेल्या तीन छायाचित्रकारांना सैनिकांनी बेड्या घातल्या, गाडीची झडती घेतली. परिणाम काय झाला? कुझ्नित्साच्या फाटकावर हजारो लोक थंडीत अडकले, तेव्हा बीबीसी, सीएनएनचे कॅमेरे बेलारूसचा अध्यक्ष लुकाशेंको याच्या बाजूला उभे होते, कारण त्यानं त्यांना येऊ दिलं होतं. ज्यानं संकट उभं केलं, त्याच्याच अंगणातून जगानं ते पाहिलं. पोलंडकडून आलं ते बहुतेक सीमा पोलिसांनी काढलेलं चित्रण. याहून वाईट सौदा मला माहीत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा आपल्या जातभाईंची वकिली करतोय. 2023 मध्ये रशियासाठी काम करणारी टोळी पकडली गेली, ती रेल्वेमार्गांलगत छुपे कॅमेरे बसवत होती, युक्रेनला जाणारी मदत टिपायला. आणि पाब्लो गोन्सालेस! स्पॅनिश मुक्त पत्रकार, फेब्रुवारी 2022 अखेरीस रशियासाठी हेरगिरीच्या संशयावरून प्शेमिश्ल इथं पकडला. ज्या सीमेवरून आपली युक्रेनमधली मुलं बाहेर पडत होती ना, तिथंच. पत्रकारांच्या संघटना त्याच्या बाजूनं बोलल्या, कारण दोन वर्षांहून जास्त काळ खटला न चालवता ठेवलेला. 1 ऑगस्ट 2024 ला कैद्यांच्या अदलाबदलीत तो मॉस्कोच्या विमानतळावर उतरला आणि स्वागताला हात पुढे केलेले स्वतः पुतिन! तेव्हा सरकारला संशय येतो तो उगाच नाही. एप्रिल 2025 पासून सुमारे 25 हजार ठिकाणांचे फोटो काढायला परवानगी लागते, 20 हजार झ्लॉटींपर्यंत (झ्लॉटी म्हणजे पोलंडचं चलन) दंड, कॅमेरा जप्त. पण कॅमेरे लपवणारा हेर परवानगीचा अर्ज करत नाही. अडकतो तो जिल्ह्याचा बातमीदार.

आता कळीचा प्रश्न. सप्टेंबर 2025 मध्ये एका रात्रीत वीसेक रशियन ड्रोन पोलंडमध्ये शिरले. विरिकी गावात एका घराचं छप्पर उडालं. सगळ्या जगानं लिहिलं, ड्रोननं उडवलं. आठवड्याभरात 'झेच्पोस्पोलिता' या दैनिकानं छापलं की घरावर पडलं ते पोलिश एफ-16 नं ड्रोनवर सोडलेलं आणि भरकटलेलं क्षेपणास्त्र. लोक चिडले: हे आत्ता छापायची काय गरज, मॉस्कोला आयतं कोलीत! पंतप्रधान टुस्क म्हणाले, जबाबदारी ड्रोन पाठवणाऱ्या रशियाचीच. ते खरंच आहे. ड्रोन आले नसते तर क्षेपणास्त्र सुटलं नसतं. पण मग हेच वाक्य पहिल्या दिवशी म्हणायला काय हरकत होती? पहिल्या दिवशी म्हटलं असतं तर ती साधी माहिती ठरली असती. आठवड्यानं पेपरानं काढली म्हणून ती भानगड झाली. पेपरानं छापलं ते योग्यच केलं, माझ्या मते.

आणि झटपट बोलण्यानं काय होतं तेही पोलंडनंच दाखवलंय. त्यांच्या सरकारी वृत्तसंस्थेचं आद्याक्षरी नाव पीएपी, म्हणजे आपल्या तोंडी 'पाप'. हसा, मीही हसलो होतो. 31 मे 2024, शुक्रवार, युरोपीय निवडणूक तोंडावर. दुपारी दोनला पापच्या तारेवर बातमी: दोन लाख नागरिकांची सैन्यभरती, युक्रेनला पाठवणार. कुणीतरी यंत्रणेत घुसून टाकलेली. काढली, तर वीस मिनिटांनी पुन्हा आली. पण सरकारनं बैठक बोलावली नाही, समिती नेमली नाही. लगेच इन्कार केला, हल्ला झालाय हे सांगितलं, बोट रशियाकडे दाखवलं. इतर वार्ताहरांच्या हातात ताबडतोब नावानिशी दिलेलं उत्तर होतं, आणि त्या दुपारी कुणालाही निनावी गुप्तचर अधिकारी शोधावा लागला नाही.

सुवाउकीच्या पट्ट्याचा, म्हणजे बेलारूस आणि रशियाचा कालिनिनग्राद यांच्यामधल्या पोलंड-लिथुआनिया सीमेवरच्या चिंचोळ्या भागाचा, नकाशा राहिला. अध्यक्ष महाराजांनी दोनदा घड्याळ पाहिलंय, तेव्हा तो प्रश्नोत्तरांत.