भरताच्या रात्रीचा रंग

[दृश्य : रात्र. शेताच्या बांधालगत पऱ्हाट्यांचा जाळ. जाळात वांगी तडतडताहेत.]

जानेवारीची रात्र. अमळनेर तालुक्यातलं तापीकाठचं शेत. भरीत पार्टी आहे, म्हणजे स्वेटर, कानटोप्या आणि धुराने चुरचुरणारे डोळे. वांगी आपल्याकडची, पोपटी-हिरवी, लांबोडकी. आबा काठीने ती जाळात फिरवताहेत. त्यांच्या एका गालावर जाळाचा तांबडा उजेड, दुसऱ्या गालावर विहिरीच्या खांबावरच्या एलईडी बल्बचा निळसर पांढरा. फोटो काढणाऱ्याला यापेक्षा अवघड उजेड क्वचितच मिळतो.

मी बटण दाबतो. कार्डावर दोन फायली उतरतात. एक जेपेग, एक रॉ.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. तोच फोटो, काळपट आणि चपटा.]

ही रॉ फाइल. पहिल्यांदा उघडणाऱ्याचा हमखास हिरमोड होतो. एवढा महागाचा कॅमेरा आणि हा असला फोटो? पण हा अजून फोटो झालेलाच नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर 2 कोटी 40 लाख बारीक खाचा आहेत. प्रत्येक खाच फक्त किती उजेड पडला ते मोजते, रंग तिला कळत नाही. म्हणून प्रत्येकीवर एक रंगीत काच बसवलेली असते, कुठे लाल, कुठे निळी, आणि या प्रत्येकीच्या दुप्पट हिरव्या, कारण माणसाचा डोळा हिरव्यातले बारकावे जास्त टिपतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट 1976 चं. म्हणजे फोटोतल्या आबांच्या टोपीच्या एका ठिपक्यावर कॅमेऱ्याने खरं मोजलंय ते एकाच रंगाचं माप. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या खाचांना विचारून भरतं. याला डिमोझेकिंग म्हणतात. नाव अवघड आहे, काम शेजारपाजारच्या चौकशीचं आहे.

जेपेगमध्ये हे सगळं कॅमेरा स्वतःच उरकून टाकतो. रंग ठरवतो, धार लावतो, आणि प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या ठेवून बाकीचा माल फेकून देतो. 14 बिटांच्या रॉ फाइलीत पायऱ्या 16,384. आमच्या भाषेत सांगायचं तर रॉ म्हणजे वांगं, जेपेग म्हणजे भरीत. भरताचं परत वांगं होत नाही.

हे मी शिकलो ते चुलत बहिणीच्या हळदीत. मांडवाला पिवळं कापड, अंगाला पिवळी हळद, वर पिवळा हॅलोजन. कार्डात जागा जास्त राहावी म्हणून मी नुसत्या जेपेगवर काढत बसलो. घरी येऊन पाहतो तर नवरी, करवली, मांडव, सगळं एकाच पिवळ्यात. लाल रंग पार भरून वाहिलेला, निळ्यात जवळजवळ काहीच नाही. स्लायडर इकडून तिकडे ओढून हात दुखले. काकूंनी अल्बम उघडला की ती पानं त्या अजून भराभर उलटतात.

[दृश्य : पडद्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर. तो हळूहळू आबांच्या टोपीकडे सरकतो.]

तर रॉ. मी डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर रडतखडत का होईना, चालतं. मूळ फाइलीला ते हात लावत नाही. आपण काय काय केलं त्याची यादी शेजारच्या छोट्या फाइलीत लिहून ठेवतं. चुकलं तर यादी पुसा, वांगं शाबूत.

पहिला प्रश्न पांढऱ्याचा. पुस्तकी उपाय सोपा आहे : चित्रात जे पांढरं आहे त्यावर ड्रॉपर ठेवा. आबांची टोपी पांढरी आहे. ठेवला.

[दृश्य : क्लिक. चित्र एकदम थंड पडतं.]

टोपी पांढरीशुभ्र झाली. जाळ मात्र फिकट पडला, बल्बाकडची बाजू निळी झाली, आणि आबा एखाद्या बँकेच्या काउंटरवर बसल्यासारखे दिसायला लागले. हिशेब बरोबर, रात्र गेली. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका तो तांबडा. जाळाचा उजेड साधारण 2000 केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या आसपास. जाळाला पांढरा धरला की जाळाचा रंगच उरत नाही. उन्हाचा आकडा ठेवला तर उलट सगळं संत्र्यासारखं होतं, आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेल्या भरताची ती हिरवट पांढुरकी छटा त्यात बुडून जाते. खानदेशी माणूस भरताचा रंग ओळखतो. तो चुकला की फोटो गेला. मी पुढेमागे करत 3300 वर थांबलो. टोपी थोडी तांबूस राहिली. जाळाशेजारी टोपी तांबूसच दिसते.

मग एक्सपोजर, म्हणजे फोटोत उजेड किती ते. शेतात मी मुद्दाम दोन स्टॉप काळोखा फोटो काढला होता, म्हणजे उजेड चौपट कमी घेतला होता, ज्वाळा नुसत्या पांढऱ्या होऊन जाऊ नयेत म्हणून. सेन्सरवर एकदा पांढरं भरून गेलं की तिथे पायऱ्याच उरत नाहीत, कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. कॅमेऱ्यावरच्या हिस्टोग्रामवरही, म्हणजे उजेडाच्या आलेखावरही, डोळे झाकून विसंबू नये, तो तयार जेपेगवरून काढलेला असतो. इतकं करूनही जाळाचा गाभा पांढरा गेलाच. जाऊ दे, डोळ्यालाही तो पांढराच दिसतो.

[दृश्य : सावल्या हळूहळू उजळतात. दाणेदारपणा वाढतो. उजव्या कोपऱ्यात एक आकार दिसू लागतो.]

आता दोन स्टॉप वर. सावलीत कण दिसायला लागतात, निळ्यात सगळ्यात जास्त, कारण जाळाच्या उजेडात निळं मुळातच तोकडं. थोडे कण पुसले, थोडे राहू दिले. फार पुसलं की माणसाची कातडी मेणाची होते.

इथेच एक मोह असतो. स्टुडिओत दहातले नऊ जण सांगतात, चेहरा जरा उजळ करा. तो स्लायडर मी सोडून दिला. ज्याने पन्नास उन्हाळे शेतात काढले त्याचा रंग मी कमी करणारा कोण?

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस होते. घरात बसून, टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी डोंगर आणि देखावे उभे केले. 1989 मध्ये ते गेले. त्यांच्या पिढीचं हे सगळं काम अंधारखोलीत व्हायचं, कागदावर उजेड हाताने अडवून, एखादी जागा जास्त वेळ भाजून. भाजणं हा शब्द त्यांच्या धंद्यातही होता, हे मला फार आवडतं.

[दृश्य : कोपरा मोठा होतो. लाकडी बडगी. काठावर जळाल्याचा काळा डाग, शेजारी लोखंडी पट्टी ठोकलेली.]

कोपऱ्यातला आकार बडगीचा निघाला. शेतात ती मला दिसलीसुद्धा नव्हती. जेपेगमध्ये तिथे नुसता काळोख आहे.

[दृश्य : ओटा. दुपार. आबांच्या हातात मोबाईल, काच तडकलेली.]

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिथे तो आणखी दाबला गेला, इलाज नाही. आबांनी आधी स्वतःलाच पाहिलं.

"मी इतला काया शे का?"

मी गप्प. मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा सोडून ते कोपऱ्याकडे सरकले, त्या काळ्या डागावर थांबले.

"मना बापनी बडगी शे ती."

मोबाईल त्यांनी शेजारी बसलेल्या नातवाच्या हातात दिला आणि पट्टी कोणी ठोकली ते सांगायला लागले.