घरातल्या वस्तूंची साक्ष

समजा, आपल्यासमोर घरातले एक जुने शिवणयंत्र आहे. त्याच्या लाकडी फळीची पुढची कड गुळगुळीत झालेली आणि तिचा रंग उडालेला आपल्याला दिसतो आहे. कापड सरकवणारे हात वर्षानुवर्षे तिथे टेकत राहिले, म्हणून ती तशी झाली. एवढे यंत्र स्वतः दाखवू शकते. ते हात कोणाचे होते, रात्री उशिरापर्यंत कोणासाठी चालत होते आणि यंत्र विकण्याची वेळ येऊनही ते घरात कसे राहिले, हे मात्र माणसालाच सांगावे लागते; आणि ते सांगू शकणारे माणूस बहुतेक घरांत आता एखादेच उरलेले असते.

जर्मन अभ्यासक यान आसमान यांच्या मांडणीनुसार, रोजच्या बोलण्यातून पुढे जाणारी स्मृती साधारण तीन ते चार पिढ्या, म्हणजे ८० ते १०० वर्षे टिकते. त्यानंतर वस्तू शिल्लक राहिली, तरी तिच्याशी जोडलेले नाव पुसले जाते, आणि अशी वस्तू घर बदलताना सर्वांत आधी टाकून दिली जाते. अमृतसर येथे २०१७ साली सुरू झालेल्या फाळणीविषयक संग्रहालयात निर्वासित कुटुंबांनी सोबत आणलेल्या वस्तू जपल्या आहेत. त्या मौल्यवान आहेत म्हणून नव्हे, तर त्या कोणी, कोणत्या घाईत उचलल्या हे सांगणारे आवाज वेळेत नोंदवले गेले, म्हणून पाहणारा त्यांच्यापुढे थांबतो.

घरातल्या ज्येष्ठांना “तुमच्या आयुष्याबद्दल काही सांगा” असे म्हटले, तर ते संकोचतात आणि चार ठरलेली वाक्ये सांगून थांबतात. त्याऐवजी एखादे जुने घड्याळ त्यांच्या हातात दिले, तर वजन, थंडपणा आणि किल्लीचा आवाज यांतून बोलणे आपोआप सुरू होते. त्या वेळी वर्ष विचारण्याची घाई करू नये. ही वस्तू कुठे ठेवलेली असे, तिला हात लावायला कोणाला मनाई होती, ती कोणी दुरुस्त करून आणली, ती कोणाला हवी होती आणि मिळाली नाही, या प्रश्नांच्या उत्तरांत घरातली माणसे आपल्या स्वभावांसह आणि त्यांच्यातल्या रुसव्या-फुगव्यांसह समोर येतात. कुटुंबाचा खरा इतिहास मला तिथेच सापडतो, वंशावळीच्या तक्त्यात क्वचितच.

आठवणींची पडताळणीही वस्तूच करून देते. सिंगरसारख्या कंपनीच्या शिवणयंत्रावरच्या अनुक्रमांकावरून ते कोणत्या काळात तयार झाले याचा शोध घेता येतो. जुन्या घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ते दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी ओरखडून ठेवलेल्या बारीक खुणा पुष्कळदा आढळतात. समजा, यंत्र पणजीच्या लग्नातले आहे असे घरात सांगतात आणि अनुक्रमांक मात्र लग्नानंतरचा काळ दाखवतो. अशा वेळी आठवण खोटी ठरवण्याआधी, पहिले यंत्र जाऊन दुसरे आले होते का, असे विचारून पाहावे. दोन भावंडे एकाच वस्तूची दोन वेगळ्या हकिगती सांगत असतील, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात आणि कोणती कोणाची, हे नमूद करावे. त्यांतून एक सुबक गोष्ट बनवण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्या तफावतीतच त्या दोघांचे बालपण दडलेले असते.

जपण्याच्या हौसेपोटी कधी कधी पुरावाच नष्ट होतो. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळी पडते. ती लख्ख करण्यासाठी वारंवार घासली, तर प्रत्येक वेळी धातूचा पातळ थर जातो आणि कोरलेली आद्याक्षरे हळूहळू झिजतात. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असल्याने त्यात गुंडाळलेली वस्त्रे आणि पत्रे पिवळी पडतात, म्हणून आम्लरहित कागद वापरावा. छायाचित्रामागे बॉलपेनाने जोर देऊन लिहू नये. कडेला मऊ पेन्सिलीने हलकेच नाव लिहिले की पुरे.

आणि नोंद वस्तूपासून तुटू देऊ नये. सांगणाऱ्याची संमती घेऊन मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रणही पुरेसे असते. फक्त सुरुवातीलाच सांगणाऱ्याचे नाव, तारीख आणि वस्तूचे वर्णन मोठ्याने उच्चारावे. वस्तूला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर जो क्रमांक असेल, तोच ध्वनिफितीच्या नावात असावा. त्या फितीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या किमान दोन नातेवाइकांकडे ठेवाव्यात आणि मोबाइल किंवा संगणक बदलताना त्या उघडतात की नाही, हे प्रत्येक वेळी तपासावे.