हांबुर्ग, वरून पाहताना

[दृश्य: नदीच्या पात्रावरून शहराकडे येणारा कॅमेरा]

समुद्र इथून शंभर किलोमीटरहून लांब आहे, तरी हे जर्मनीतलं सर्वांत मोठं बंदर. एल्ब नदीच्या मुखातून आत शिरलेलं जहाज भरतीची वेळ साधत तासन्‌तास वर चढत येतं, आणि मग क्षितिजावर मनोरे दिसू लागतात. हांबुर्गचे हे मनोरे शतकानुशतकं पाण्यावरच्या माणसांची खूण होते. ते खालून, डेकवरून बघायचे. आपण आज ते वरून बघणार आहोत. पण या शहराकडे वरून आधीही कुणीतरी पाहिलं होतं. त्यांची गोष्ट ओलांडून पुढं जाता येणार नाही.

आधी सांक्ट मिखाएलिस चर्चचा मनोरा. गावकरी त्याला लाडानं ‘मिखेल’ म्हणतात. उंची १३२ मीटर. परतणाऱ्या खलाशाला घर जवळ आल्याचं सांगायचा तो हाच. जरा जवळ जाऊ. तांब्याच्या पत्र्यावर हिरवट कळंक चढलाय आणि खाली घड्याळाची आठ मीटर व्यासाची तबकडी आहे. दिसायला सगळं अठराव्या शतकातलं, पण ३ जुलै १९०६ रोजी मनोऱ्यावर डाख देण्याचं काम सुरू असताना आग लागली आणि चर्च जळून गेलं. शहरानं ते पुन्हा जसंच्या तसं उभं केलं, आतून पोलाद आणि काँक्रीट वापरून, आणि १९१२ मध्ये ते खुलं झालं. मनोऱ्यावरून आजही रोज तुतारी वाजते. वाजवणारा एक धून एका दिशेला वाजवतो, मग दुसऱ्या खिडकीशी जातो, अशा चारही दिशा पूर्ण करतो. तीनशे वर्षांहून जुनी ही रीत.

[दृश्य: काळवंडलेला, एकटा मनोरा]

आता हा मनोरा बघा. सांक्ट निकोलाई, १४७ मीटर. याच्या पायाशी चर्च नाही, उघडं आकाश आहे.

१८४२ च्या मोठ्या आगीत इथलं जुनं चर्च गेलं. नव्या चर्चचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदानं केला. १८७४ मध्ये मनोरा पूर्ण झाला तेव्हा ती जगातली सर्वांत उंच इमारत होती, आणि १८७६ पर्यंत हा मान तिच्याकडे राहिला. जहाजांना लांबून दिसावा एवढा उंच मनोरा. तो विमानांनाही दिसला. जुलै १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी हांबुर्गवर दिवसरात्र बॉम्ब टाकले, तेव्हा वैमानिकांना दिशा दाखवणारी खूण हाच मनोरा होता. २७ जुलैच्या रात्री पूर्वेकडच्या कामगारवस्त्यांत आगीचं वादळ उठलं. त्या हल्ल्यांत तीस हजारांहून अधिक माणसं मेली. चर्चच्या मुख्य भागाचं छत कोसळलं आणि त्याच्या भिंती पुढं पाडल्या, मनोरा मात्र उभा राहिला. शहरानं तो पाडला नाही आणि त्याला नवं चर्चही जोडलं नाही. आज ते स्मारक आहे. हा निर्णय मला या साऱ्या क्षितिजरेषेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. जो मनोरा बघून बॉम्ब टाकले, त्याच्याच पोटातून आता लिफ्ट ७६ मीटरपर्यंत नेते आणि तिथून नव्यानं बांधलेलं शहर दिसतं.

नगरभवनाचा ११२ मीटरचा मनोरा, सांक्ट पेट्री, सांक्ट याकोबी, सांक्ट कातारीनन... कॅमेरा सावकाश फिरवला की लक्षात येतं, मधल्या भागात या मनोऱ्यांच्या वर डोकं काढणारी कचेऱ्यांची इमारत नाही. हे शहरानं ठरवून जपलंय. टेलिव्हिजनचा २७९ मीटरचा मनोरा आहे, पण तो बाजूला.

[दृश्य: लाल विटांची गोदामं, मधून कालवे]

श्पायखरश्टाट, म्हणजे गोदामांची वसाहत. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि वर त्रिकोणी कमानीखाली माल ओढून घ्यायची कप्पी. बार्जमधून आलेली कॉफी, मसाले, गालिचे थेट मजल्यावर चढत. १८८८ मध्ये मुक्त बंदर, म्हणजे माल जकात न भरता ठेवता येईल असं बंदर, सुरू झालं, त्यासाठी इथली राहती वस्ती पाडून सुमारे वीस हजार लोकांना हलवलं होतं. ही देखणी लाल भिंत त्यांच्या घरांच्या जागेवर उभी आहे. २०१५ मध्ये ती जागतिक वारशात गेली, शेजारच्या चिलेहाउससकट. चिलेहाउस वरूनच बघावं: ४८ लाख विटांची ती इमारत टोकाला निमुळती होत अगदी जहाजाच्या पुढच्या टोकासारखी रस्त्यात घुसते. चिलीहून सोरा आणून श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यानं ती १९२४ मध्ये पूर्ण केली.

[दृश्य: काचेची लाटेरी इमारत]

आणि ही एल्बफिलहार्मोनी. खाली विटांचं गोदाम, वर काचेचं संगीत सभागृह, टोक ११० मीटरवर. याच जागी १८७५ पासून एक गोदाम होतं आणि त्याच्या मनोऱ्यावर गोळा होता. तो रोज ठरल्या वेळी खाली पडे आणि त्यावरून जहाजं आपली घड्याळं लावत. ते गोदाम १९६३ मध्ये पाडलं, मग कोको आणि तंबाखूसाठी दुसरं आलं. त्याच्या भिंतींवर आजची इमारत आहे. सात वर्षं उशीर झाला, शहराच्या तिजोरीतून ७ कोटी ७० लाख युरो जातील असा अंदाज होता, प्रत्यक्षात ७८ कोटी ९० लाख गेले. जानेवारी २०१७ मध्ये ती खुली झाल्यावर रागावलेल्या शहरानं तिला आपलंही केलं. छपराकडे नीट बघा. पांढऱ्या गोल चकत्या, हजारोंच्या संख्येनं. पाण्यावरून त्या दिसत नाहीत. म्हणजे या शहरात कुणीतरी वरून बघणाऱ्यासाठीही काही घडवलं, आणि यावेळी प्रेमानं. म्हणून मला ते छप्पर फार मोलाचं वाटतं.

[दृश्य: क्रेनची रांग, मागे तारांनी पेललेला पूल]

नदीच्या पलीकडे क्रेन. चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं त्यांच्याखाली लागतात. मागचा निळसर-राखाडी पूल एल्बच्या क्योलब्रांड या फाट्यावरचा, १९७४ चा, खांब १३५ मीटर उंच. त्याच्याखाली जहाजाला ५३ मीटर उंची मिळते. बांधला तेव्हा तेवढी भरपूर होती. आता सर्वांत मोठी जहाजं त्याखालून आतल्या टर्मिनलला जाऊ शकत नाहीत. त्याच्या जागी आणखी उंच पूल बांधायचं शहरानं ठरवलंय. वारसा म्हणून नोंदलेला हा पूल, नवा तयार झाला की, पाडला जाणार आहे.